बारपाशी जाऊन सांगावे लागते

साताऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकतीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. दरवर्षी बारावीच्या वर्गात डीएनएच्या दुहेरी सर्पिल रचनेचा धडा आला की मी फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी ती पिळदार शिडी काढत असे आणि मुले कंटाळू लागली की तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवलेली गोष्ट सांगत असे. २८ फेब्रुवारी १९५३ रोजी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, ही रचना जेम्स वॉटसनसोबत शोधून काढणारा शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक केंब्रिजमधल्या ‘द ईगल’ नावाच्या पबमध्ये शिरला आणि जीवनाचे रहस्य आपल्याला सापडले आहे असे त्याने भरल्या पबात जाहीर केले, ही ती गोष्ट. त्यावर मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, “मॅडम, पब म्हणजे बारच ना?” मी “तसेच काहीसे” म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळत असे, कारण पब म्हणजे नेमके काय हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हते.

आमच्या गावाकडे बार म्हणजे हमरस्त्यालगतची परमिट रूम. काळ्या काचा, आत जेमतेम उजेड, दाराला पडदा आणि बाजूच्या जिन्याने वर गेल्यावर ‘फॅमिली रूम’ असे लिहिलेली एक खोली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे आपल्याकडे पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, त्यातूनच हे नाव रूढ झाले. आणि जिथे पुरुषांनासुद्धा परवाना लागतो तिथे मास्तरीण बाईने पाऊल टाकण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे निवृत्तीनंतर सप्टेंबरमध्ये तीन आठवड्यांसाठी भाचीकडे केंब्रिजला गेले आणि पहिल्याच शनिवारी ती “मावशी, आज ईगलला जेवू या” असे म्हणाली, तेव्हा उत्सुकतेइतकाच संकोचही वाटला. काय नेसावे इथपासून विचार झाला. शेवटी इरकली साडी, त्यावर भाचीचा गुडघ्यापर्यंतचा कोट आणि पायात बूट अशा वेशात मी निघाले.

ईगल ज्या बेनेट स्ट्रीटवर आहे ती गल्ली इतकी अरुंद की समोरून गाडी आली तर भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. गल्लीच्या तोंडाशी कॉर्पस क्रिस्टी कॉलेजचे ते प्रसिद्ध सोनेरी घड्याळ आहे, ज्याच्या माथ्यावर बसलेला नाकतोड्यासारखा प्राणी सेकंद खात राहतो. थोडे पुढे सेंट बेनेटचे चर्च, ज्याचा मनोरा अकराव्या शतकात नॉर्मन लोक इंग्लंडात येण्याच्या आधीचा आहे. या चर्चच्या समोर पब असावा याचे मला नवल वाटले, पण भाचीला त्यात काहीच विशेष दिसले नाही. इथे १६६७ पासून मद्यविक्री होत आली आहे आणि तेव्हा जागेचे नाव ‘ईगल अँड चाइल्ड’ असे होते. घोडागाड्यांच्या काळात ही सराई होती, त्याची खूण म्हणजे आतला फरसबंद चौक आणि त्यावरचा लाकडी कठड्याचा सज्जा. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात दिंडीतून आत गेल्यावर चौक लागतो, तसाच काहीसा तो भास होता. दारावर गरुडाचे चित्र असलेली पाटी टांगलेली होती. दारू गाळून विकणाऱ्याने दाराबाहेर खूण टांगलीच पाहिजे असे राजा दुसरा रिचर्ड याने १३९३ मध्ये फर्मावले होते; बहुतेक गिऱ्हाइकांना वाचता येत नसल्यामुळे त्या खुणेवर चित्र असे, आणि म्हणूनच इंग्लंडमधल्या पबांची नावे अजूनही लाल सिंह, पांढरा हरीण, हिरवा माणूस अशी चित्रात काढण्याजोगी असतात.

दाराशेजारची, त्या शोधाची आठवण म्हणून लावलेली निळी पाटी मी चष्मा पुसून दोनदा वाचली. पूर्वीच्या पाटीवर वॉटसन आणि क्रिक ही दोनच नावे होती आणि कोणीतरी खाली ‘+ फ्रँकलिन’ असे खरडून ठेवले होते. मी वाचलेल्या पाटीवर रोझलिंड फ्रँकलिनचे नाव रीतसर आले आहे. जिच्या क्ष-किरण छायाचित्रांशिवाय ती शिडी उभीच राहिली नसती, ती १९५८ मध्ये सदतिसाव्या वर्षी वारली आणि १९६२ चे नोबेल तीन पुरुषांना मिळाले, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे, त्यामुळे ते नाव तिथे पाहून बरे वाटले. मात्र मी वर्गात सांगत आलेली दुसरी गोष्ट तितकी पक्की नाही. ‘जीवनाचे रहस्य’ हे वाक्य वॉटसनने लिहून ठेवले आहे. आपण असे काही बोलल्याचे आपल्याला आठवत नाही, असे खुद्द क्रिकने पुढे म्हटले होते. एकतीस तुकड्यांना मी हे सांगितले नाही, ही चूक माझी.

आत शिरताच पहिली गोष्ट जाणवली ती उजेडाची. खिडक्या मोठ्या होत्या, काचा स्वच्छ होत्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आतला माणूस काय खातो आहे ते दिसत होते. जुन्या लाकडाचा, बिअरचा आणि तळणाचा असा मिश्र वास होता. सिगारेटचा मात्र अजिबात नव्हता, कारण १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये पबच्या आत धूम्रपानाला बंदी आहे. एका टेबलाशी आजी-आजोबा, मुलगी आणि दोन नातवंडे जेवत होती. एका खुर्चीखाली मोठा काळा कुत्रा झोपला होता आणि येणारे-जाणारे त्याला ओलांडून जात होते. तेवढ्यात भाचीला कार्यालयातून फोन आला, “मावशी, तू टेबल धर, मी आलेच,” असे म्हणून ती चौकात गेली, आणि मी खिडकीजवळच्या एका टेबलाशी जाऊन बसले.

त्यानंतरची वीस मिनिटे मला कायमची लक्षात राहतील. मी पर्स मांडीवर घेऊन ताठ बसले होते आणि कोणीतरी येऊन पाणी ठेवेल, मेनूकार्ड देईल, याची वाट पाहत होते. कोणी आले नाही. दोन तरुण कर्मचारी भरलेल्या थाळ्या घेऊन माझ्यासमोरून तीन-चार वेळा गेले, त्यांपैकी एक हसलासुद्धा, पण थांबला नाही. मी घसा खाकरून पाहिला. हात थोडा वर करून पाहिला. माझ्यानंतर आलेल्या माणसांच्या हातात ग्लास दिसू लागले, तेव्हा मात्र मनात नको ते विचार येऊ लागले: साडी पाहून टाळत असतील का, म्हातारी एकटीच बसली आहे म्हणून दुर्लक्ष करत असतील का? अपमान झाला असे ठरवून उठण्याच्या बेतात असतानाच शेजारच्या टेबलावर शब्दकोडे सोडवत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी पेन खाली ठेवले आणि अत्यंत सौम्य आवाजात मला सांगितले की इथे बारपाशी जाऊन सांगावे लागते. मग टेबलाच्या कडेला ठोकलेल्या छोट्या पितळी आकड्याकडे बोट दाखवून ते म्हणाले की हा आकडा मात्र लक्षात ठेवून जा. भाची परत आली तेव्हा मी एकवीस, एकवीस असे पुटपुटत होते. तिला झालेले सगळे सांगितल्यावर ती इतकी हसली की खुर्चीखालच्या कुत्र्याने मान वर केली.

पबची रीत अशी आहे हे मला त्यानंतर तिने सांगितले. ‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चे लघुरूप, म्हणजे कोणाचे तरी घर, ज्याची पुढची खोली सर्वांसाठी उघडी आहे. घरमालक बारच्या मागे उभा असतो, म्हणून आपणच त्याच्याकडे जायचे, काय हवे ते सांगायचे, टेबलाचा आकडा द्यायचा आणि पैसे तिथल्या तिथे चुकते करायचे. पेय आपले आपण उचलून आणायचे, जेवण मात्र ते आणून देतात. बक्षिशी द्यायची पद्धत बारवर नाही. बारपाशी रांग नसते, पण क्रम असतो, आणि तो क्रम तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात असतो. माझ्याकडे पाहून बारवरच्या मुलीने भुवया उंचावल्या तेव्हा माझ्या डावीकडच्या माणसाने मागे सरून, या बाई माझ्या आधी आल्या आहेत, असे स्वतःहून सांगितले. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या तोंडावर साड्यांच्या दुकानात चाळीस वर्षे धक्के खाल्लेल्या बाईला हे दृश्य पाहून काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

पेयाच्या बाबतीत मी आधीच ठरवले होते की चव घेऊन पाहायची. त्यामागे नैतिक धाडस किती आणि जीवशास्त्र किती हे सांगणे कठीण आहे. बारवर उभ्या लाकडी मुठींची एक ओळ होती. यांना हँडपंप म्हणतात आणि त्यांच्यातून येणारी एल ही बिअर आपल्याकडच्या बाटलीतल्या बिअरपेक्षा वेगळ्या जातीची असते. ती पिंपात भरताना तिच्यातले यीस्ट जिवंत ठेवलेले असते, त्यामुळे तळघरात ठेवलेल्या पिंपातही किण्वन चालूच राहते आणि जो थोडा वायू तयार होतो तेवढाच तिच्यात असतो; वरून वायू भरत नाहीत. तळघराचे तापमान साधारण बारा अंश सेल्सियस असते, म्हणून परदेशी लोक तिला कोमट म्हणून नावे ठेवतात. अशी जिवंत बिअर कारखानदारीत नाहीशी होऊ नये म्हणून १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये ग्राहकांची एक चळवळच उभी राहिली होती. तिचे नाव ‘कॅमरा’, आणि ती अजून चालू आहे. पूर्ण पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो. मी अर्धा मागितला. बारवरच्या मुलीने मूठ दोन-तीनदा सावकाश ओढली आणि ग्लासात तांबूस पिवळे, जवळजवळ फेस नसलेले पेय चढत गेले.

बिअर स्वच्छ दिसावी म्हणून पिंपात पारंपरिक रीतीने काय घालतात हे ऐकून मात्र मला हसू आवरेना. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला एक पदार्थ घालतात, जो यीस्टला धरून तळाशी बसतो. माझे माहेर रत्नागिरीचे. घोळ माशाच्या पोटातल्या ज्या पिशवीला आपले कोळी ‘बोत’ म्हणतात आणि जी माशापेक्षा महाग विकली जाते, ती परदेशात कशाला जाते याचे एक उत्तर मला केंब्रिजच्या पबमध्ये मिळाले. भाची शाकाहारी आहे, म्हणून ती एल घेत नाही, सफरचंदाची सायडर घेते. अलीकडे काही कारखाने हा पदार्थ वापरत नाहीत, पण प्रत्येक वेळी विचारत बसण्यापेक्षा सायडर बरी, असे तिचे म्हणणे.

मुठींपैकी एकीवर ‘आयपीए’ अशी अक्षरे होती, म्हणजे इंडिया पेल एल. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या कारखान्याची बिअर जहाजांनी हिंदुस्थानात येत असे आणि १८२० च्या दशकात बर्टन गावचे कारखानदारही त्या व्यापारात उतरले. सुएझचा कालवा व्हायला अजून अवकाश होता. आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला पोहोचेपर्यंत महिनोन्महिने लागत, म्हणून त्या बिअरमध्ये हॉप्स ही कडवट फुले भरपूर घालत, कारण ती बिअरला नासू देत नाहीत. मी घेतलेला अर्धा पाइंट याच नावाचा होता, पण त्यातले अल्कोहोल चार टक्क्यांहूनही कमी होते, म्हणजे मुंबईच्या गोदीपर्यंत तो बिचारा पोहोचला नसता. चव सांगायची तर पहिला घोट कडवट, मग भाजलेल्या धान्याची खरपूस गोडी आणि शेवटी पुन्हा कडूपणा, कारल्याच्या भाजीत गूळ घातल्यावर जिभेवर जो क्रम लागतो त्याच्या उलट. मला आवडली असे म्हणवत नाही. पण मी ग्लास संपवला.

जेवण यायला वेळ होता तेव्हा आम्ही मागच्या खोलीत गेलो. तिला आरएएफ बार म्हणतात; आरएएफ म्हणजे ब्रिटनचे हवाई दल. दुसऱ्या महायुद्धात केंब्रिजच्या आसपासच्या सपाट मुलुखात विमानतळच विमानतळ होते आणि तिथले ब्रिटिश व अमेरिकन वैमानिक संध्याकाळी इथे येत. त्यांनी या खोलीच्या छतावर मेणबत्त्यांच्या आणि लायटरच्या ज्योतीने, काही ठिकाणी लिपस्टिकने, आपापली नावे, तुकड्यांचे आकडे आणि विमानांची टोपणनावे लिहून ठेवली आहेत. छत धुराने काळपट तांबडे झालेले आहे आणि अक्षरे त्याहून काळी. खुर्चीवर चढून, मान मागे टाकून, दिव्याच्या उजेडात ती लिहिणाऱ्या मुलांचे वय माझ्या बारावीच्या विद्यार्थ्यांपेक्षा दोन-चार वर्षांनीच जास्त असणार. माझी मुले बाकांवर कर्कटकाने नावे कोरत आणि मी त्यांना दंड करत असे. मी बराच वेळ वर पाहत उभी राहिले. शेवटी मान अवघडली आणि भाचीने जेवण आल्याचे खुणावले.

मी मागवले होते फिश अँड चिप्स. लांबट थाळीत, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढा एक सोनेरी तुकडा, बाजूला बोटाएवढ्या जाड बटाट्याच्या फोडी, एका वाटीत हिरवा लगदा, दुसरीत पांढरा टार्टर सॉस आणि लिंबाची फोड. मासा हॅडकचा होता. रत्नागिरीत वाढलेल्या बाईला मासा खायला घालणे हे धाडसच, आणि पहिला घास घेण्यापूर्वी माझा पूर्वग्रह तयार होता. आपल्याकडे सुरमईच्या तुकडीला हळद, तिखट, कोकमाचा आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर परततात, म्हणजे मसाला, रवा आणि मासा हे तिन्ही एकमेकांत मुरतात. इथला विचारच निराळा आहे. मैद्याचे भज्याच्या पिठाइतके दाट पीठ, बहुधा बिअरमध्ये कालवलेले, माशावर चढवून तो भरपूर तेलात सोडतात. वरचे कवच क्षणात फुगून कडक होते आणि आत अडकलेला मासा स्वतःच्याच पाण्याच्या वाफेवर शिजतो. तळले जाते ते कवच, मासा खरे तर उकडला जातो. काट्याने कवच फोडले तेव्हा वाफ आली आणि आतले मांस मोगऱ्याच्या पाकळ्यांसारखे पांढरेशुभ्र सुटे झाले. त्यात मीठसुद्धा नव्हते. मी हिरमुसले, तेवढ्यात भाचीने टेबलावरची तपकिरी बाटली पुढे केली. सातूच्या माल्टपासून केलेले ते व्हिनेगर कवचावर शिंपडले, वर मीठ भुरभुरले आणि मग घास घेतला. आंबट, खारट, कुरकुरीत आणि आत गोडसर मऊ मासा. त्यानंतर मी पाच मिनिटे बोलले नाही.

हिरवा लगदा म्हणजे ‘मशी पीज’. वाळवलेले मोठे वाटाणे सोडा घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवून गळेपर्यंत शिजवतात. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की हा रगडाच आहे, फक्त त्यावर चिंचेची चटणी, कांदा आणि शेव घालायची राहून गेली आहे. आमच्या पर्समध्ये नेहमीप्रमाणे मेतकुटाची पुडी होती. ती मी काढली नाही, पण मनात आले होते हे कबूल करते. चिप्स बाहेरून खरपूस आणि आतून पिठूळ होते, बटाटेवड्याच्या सारणाइतके. महायुद्धात लोणी, साखर, मांस या सगळ्याचे रेशनिंग झाले तरी सरकारने फिश अँड चिप्सला हात लावला नव्हता. त्यावर लोकांचा जीव किती आहे हे त्यांना ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि रविवारचे जेवण गावाकडच्या पबमध्येच करायचे असा भाचीचा आग्रह होता. केंब्रिजहून कॅम नदीच्या काठाकाठाने, गुरे चरत असलेल्या कुरणांमधून चालत गेले की पाऊण-एक तासात ग्रँचेस्टर गाव येते. तिथल्या एका पबमध्ये तिने टेबल आधीच राखून ठेवले होते, कारण संडे रोस्ट दुपारी बाराला सुरू होतो आणि संपला की संपला. हा पब ईगलसारखा नामांकित नाही. छत इतके खाली की उंच माणसाने डोके सांभाळावे, तुळया काळ्या, एका कोपऱ्यात विझलेली शेकोटी आणि तिच्यापाशी चर्चमधून थेट आलेली माणसे. या वेळी मी सरळ बारपाशी गेले, क्रम येईपर्यंत उभी राहिले, आणि टेबलाचा आकडा विचारण्याआधीच सांगून टाकला.

संडे रोस्ट म्हणजे मुळात गोमांस, पण कोकराचे, डुकराचे किंवा कोंबडीचे मांसही मिळते आणि शाकाहाऱ्यांसाठी दाणे, काजू, मसूर यांची भाजलेली वडी असते. मी कोकराचे मांस घेतले, भाचीने वडी. थाळी आली तेव्हा तिच्यावर एवढे काही रचलेले होते की खालची थाळी दिसत नव्हती: मांसाचे तीन काप, भाजलेले बटाटे, गाजर, पार्सनिप नावाचे गोडसर पांढरे कंद, कोबी, आणि या सगळ्यावर टोपीसारखा बसलेला यॉर्कशायर पुडिंगचा पोकळ फुगा. सर्वांवर ग्रेव्ही, म्हणजे मांस भाजताना सुटलेला रस आटवून केलेले तपकिरी कालवण. सोबत एका छोट्या वाटीत चिरलेला पुदिना, व्हिनेगर आणि साखर यांचे मिश्रण. ‘मिंट सॉस’ म्हणून त्यांनी जे पुढे केले ते चाखल्यावर, आपली पुदिन्याची चटणी मिरची घरी विसरून परदेशी गेली आहे, असे मला वाटले.

खरे सांगायचे तर मांस त्या दिवशी कोरडे होते. काप कडेला चामड्यासारखा झाला होता आणि कोबी एवढा शिजला होता की तो भाजी आहे की आठवण हे कळेना. भाचीची वडी मला अधिक चांगली लागली. पण बटाट्यांबद्दल मी तासभर बोलू शकेन. आधी अर्धे उकडून, भांड्यात हलवून त्यांच्या कडा मुद्दाम फुटक्या करतात, मग कडकडीत तापलेल्या चरबीत घालून भट्टीत भाजतात; त्या फुटक्या कडांची काचेसारखी खापरी होते. आणि यॉर्कशायर पुडिंग! नाव पुडिंग, पण गोडाशी संबंध नाही. मैदा, अंडी आणि दूध यांचे धिरड्यासारखे पातळ पीठ, ना सोडा ना यीस्ट, तरी वितभर फुगलेले. त्याच्या पोकळीत ग्रेव्ही ओतायची आणि मोडून खायचे. पूर्वी यॉर्कशायरमध्ये ते मांसाच्या आधी वाढत, म्हणजे पोट आधीच भरे आणि महागाचे मांस कमी लागे. आपल्याकडे पाहुणे जास्त झाले की आमटीत पाणी वाढते, त्यातलाच हा संसारी शहाणपणा.

ते फुगते कसे, हे विचारल्याशिवाय माझ्याच्याने जाववेना. रिकामा ग्लास बारवर ठेवायला गेले, कारण जाताना ग्लास परत नेऊन ठेवणे चांगले मानतात हेही एव्हाना कळले होते, आणि बारवरच्या बाईंना विचारले. त्यांनी आत हाक मारली. पांढऱ्या ॲप्रनमधला एक दांडगा आचारी दारात येऊन उभा राहिला आणि त्याने हातवारे करून मला समजावले की पीठ निदान अर्धा तास मुरू द्यायचे, साच्यातले तेल धूर येईपर्यंत तापवायचे, त्यात पीठ ओतून भट्टीत ठेवायचे आणि वीस मिनिटे दार उघडायचे नाही. “काहीही झाले तरी,” असे तो दोनदा म्हणाला. यीस्ट नाही, सोडा नाही, नुसती पाण्याची वाफ आणि अंड्यातली प्रथिने. बारावीला शिकवण्यासारखा प्रयोग होता.

शेवटी खजुराचा स्टिकी टॉफी पुडिंग मागवला. गरम केक, त्यावर लोणी आणि गुळासारख्या साखरेचा पाक. एका चमच्याला छान, तिसऱ्याला अति.

परतल्यावर पुणे-साताऱ्यातल्या नातेवाइकांनी पबबद्दल विचारले तेव्हा सगळ्यांना रस होता तो मी काय प्याले यात, आणि त्याचे उत्तर मी प्रत्येकाला त्याच्या वयाप्रमाणे वेगवेगळे दिले. मला मात्र तो फुगा सोडत नव्हता. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये पहिल्या रविवारी केला तो चपटा राहिला, त्याचे घावन झाले. दुसऱ्या रविवारी फुगत असताना मी न राहवून दार उघडले आणि तो माझ्या डोळ्यांदेखत बसला. तिसऱ्या रविवारी पीठ तासभर मुरवले, साच्यातल्या शेंगदाण्याच्या तेलातून धूर निघेपर्यंत धीर धरला, पीठ ओतले, आणि स्वयंपाकघरातून बाहेर येऊन घड्याळ घेऊन ओसरीवर बसले. वीस मिनिटांनी दार उघडले तेव्हा सहाच्या सहा साच्यांवर टोप्या उभ्या होत्या. ग्रेव्ही काही आम्हाला जमली नसती. आम्ही त्यात मटणाचा तांबडा रस्सा ओतला.